बिनतारखेचा कागद

“पैशाचं आधी बोलून घेऊ, बाई. मागनं कुरकुर नको,” तात्यासाहेब म्हणाले आणि अडकित्त्यात सुपारी धरून माझ्याकडे बघत राहिले.

मी ओशाळले. आकडा माझ्याजवळ तयार होता. आदल्या संध्याकाळी मी तो नवऱ्याला, उल्हासला, दोनदा म्हणून दाखवला होता. येताना स्कूटरवर मागे बसूनही घोकत आले होते. पण समोर पोह्यांची बशी, दारात पदर सावरून उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी आक्का, भिंतीवर ओळीनं सत्काराचे फोटो. ज्यांच्या संस्थेच्या शाळा अर्ध्या तालुक्यात आहेत, दूध संघ आणि पतसंस्था ज्यांच्या शब्दाबाहेर नाही, असे तात्यासाहेब मोरबाळे आपण होऊन विचारताहेत म्हटल्यावर आकडा कुठल्या कुठे पळाला. पैशाचं तोंडावर बोलणं म्हणजे पायरी सोडणं, हे आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेलं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, “तुम्ही द्याल ते.”

अडकित्ता मिटला. तात्यासाहेबांनी आक्कांकडे बघितलं. “बघितलंस? वळण हाय पोरीला.”

आक्का हसल्या आणि बशीत आणखी पोहे वाढले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आपण काय करून बसलो हे कळायला मला पुढं दिवाळी उजाडावी लागली.

लग्नानंतर मी सांगलीच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून कराडपुढच्या त्या गावात आले होते आणि घरबसल्या लिहिण्याची कामं घेत होते. कुणाची स्मरणिका, कुणाचा अहवाल, कुणाच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ. तात्यासाहेबांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ हे त्यातलं सगळ्यात मोठं काम. समारंभ फेब्रुवारीत होता. त्यांनी आठवेल तसं सांगायचं, मी टेपवर घ्यायचं आणि घरी जाऊन लिहून काढायचं, असं ठरलं. एवढंच ठरलं. किती पानं, किती बैठका, पैसे कधी आणि किती, काम संपलं हे म्हणायचं कुणी, यातलं काहीही ठरलं नाही. मी ठरवू दिलं नाही.

पैसे मात्र येऊ लागले, आणि तेही पैशाच्या रूपात नाही. दुसऱ्याच बैठकीला निघताना आक्कांनी मला पाटावर बसवून माझी ओटी भरली, वर इरकली साडी. गणपतीत घरी इंद्रायणी तांदळाचं पोतं येऊन पडलं. घरमालक अनामत वाढवून मागतोय हे बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, तर आठवड्याभरात घरमालकच हात जोडून दारात उभा राहिला आणि तात्यांनी भागवलंय म्हणाला. हे कामाच्या पैशातून कसं धरायचं, असं मी धीर करून विचारलं, तेव्हा तात्यासाहेब पोट धरून हसले.

“लेकीचा कुणी हिशेब धरतं व्हय?”

तेव्हापासून मी लेक झाले. ‘बाई’ची ‘वृंदा’ झाले, ‘तुम्ही’ची ‘तू’ झाले. आक्कांना मूलबाळ नव्हतं. त्या माझ्यासाठी धपाटे राखून ठेवायच्या, आणि मी जरा उशिरा गेले तर जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

मग एक दिवस तात्यासाहेब म्हणाले, जावयाला क्लासमध्ये किती दिवस राबवायचं. उल्हास खाजगी शिकवणीत भूगोल शिकवायचा. महिन्याला जे हातात यायचं ते महिन्याला पुरायचं नाही. संस्थेच्या हायस्कुलात शिक्षणसेवकाची जागा निघाली होती. गावात त्या जागेचा भाव लाखांत चालायचा आणि लोक जमीन विकून तो भरायचे. तात्यासाहेबांनी उल्हासला बोलावून सरळ नेमणुकीचं पत्र हातात दिलं. घरी येऊन उल्हासनं ते देवापुढं ठेवलं आणि बराच वेळ तिथून उठला नाही.

रुजू झाला त्या दिवशी हेडक्लार्कनं त्याच्यापुढं दोन कागद सरकवले. एक हजर झाल्याचा. दुसरा राजीनामा. नाव, गाव, सही, सगळं रीतसर. फक्त तारखेची जागा मोकळी. संस्थेत प्रत्येक शिक्षकाकडून असा कागद घेत असत आणि ते कागद तात्यासाहेबांच्या टेबलाच्या खणात असत. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून थट्टाही चालायची. उल्हासनं मला हे सांगितलं ते शाळेची घंटा किती वाजता होते हे सांगावं तसं. मी विचारलं, तारीख कधी कुणाच्या कागदावर पडलीय का? तो म्हणाला, पडलीय. चित्रकलेचे एक सर होते. दूध संघाच्या निवडणुकीत तात्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या स्वतःच्या भावाच्या बाजूनं फिरले. सकाळी हजेरीपटावर सही करायला गेले तर पटावर त्यांचं नावच नव्हतं.

“पण आपलं काय तसं नाही,” उल्हास म्हणाला. “आपण घरचे आहोत.”

दिवाळीनंतरच्या एका दुपारी तात्यासाहेब संस्था कशी उभी राहिली ते सांगत होते. पहिली शाळा काढली ती त्यांनी आणि हणमंत कुरणे मास्तरांनी मिळून. जागा मास्तरांची, वर्गणी मागत फिरले तेही मास्तर. पुढं इमारत निधीत अफरातफर झाली, चौकशी लागली आणि मास्तर संस्थेतून गेले, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर ते फार जगले नाहीत. त्यांच्या बायको एस. टी. स्टँडमागच्या एका खोलीत शिवणकाम करायच्या. मीही माझे दोन ब्लाउज त्यांच्याकडून शिवून घेतले होते.

तात्यासाहेब बोलता बोलता थांबले. अडकित्ता मांडीवर ठेवला.

“तुला म्हणून सांगतो. तो पैसा माझ्या पयल्या निवडणुकीत गेला. चौकशी आली तवा मास्तर म्हणला, तात्या, तुझ्यावर संस्था उभी हाय, माझ्यावर काय हाय? आन् कबुलीवर सही करून मोकळा झाला.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांचं लक्ष टेपरेकॉर्डरकडे गेलं. तो चालू होता. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं, कॅसेट काढली आणि खणात टाकली.

“लेकीपाशी बोललो. भाईर जात न्हाई,” ते म्हणाले. त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. मीही मान हलवली. लेक दुसरं काय करणार?

खरी भीती सुरू झाली ती डिसेंबरात. शाळेचे जुने विद्यार्थी एकत्र आले आणि नव्या सभागृहाला कुरणे मास्तरांचं नाव द्या, असा अर्ज घेऊन तात्यासाहेबांकडे गेले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. ग्रंथात एक प्रकरण वाढवायचं होतं. मास्तरांनी इमारत निधीचे पैसे कसे खाल्ले आणि तात्यासाहेबांनी ते पोटात घालून संस्था कशी सावरली, याचं. छापून आलं की नावाबिवाचा विषय मिटला. आणि ते लिहायचं माझ्या नावानं, कारण बाहेरून आलेल्या पत्रकार बाईनं शोधून काढलं म्हटल्यावर कोण तोंड उघडणार.

“पण तात्या, तुम्हीच तर...” मी म्हणाले.

अडकित्ता थांबला. “मी काय?”

आवाज चढला नव्हता. उलट फार मऊ होता, आजारी माणसाची विचारपूस करावी इतका. मी म्हणाले, काही नाही.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मला घरी सोडायला जीप यायची, ती आधीही यायची; पण आता निवृत्ती नावाचा तिचा ड्रायव्हर मी कुलूप काढून आत जाईपर्यंत गाडी हलवायचा नाही. तो माणूस काळजी घेतोय की पाळत ठेवतोय, ते मला ठरवता येईना. रेशन दुकानदार विचारायचा, बाई, मास्तरांचं लिहून झालं का? मी त्याला कधी काही बोलले नव्हते. हेडमास्तर रोज सकाळी हजेरीपटाशी उल्हासला गाठून म्हणायचे, “बाईंचं लिखाण कुठवर आलं?” उल्हास म्हणायचा, चाललंय. आणि हेडमास्तर पटावर बोट ठेवून उभे राहायचे, त्याची सही होईपर्यंत.

मी लिहायला बसायचे आणि पहिल्या वाक्याशी अडायचे. एकदा आजारपणाचं निमित्त केलं, तर आक्का स्वतः काढा घेऊन आल्या. मंडईत कुरण्यांच्या बायको दिसल्या तर मी भाजीचा गाडा बदलायचे. त्या मात्र लांबूनच हात वर करून म्हणायच्या, ब्लाउज नीट बसतोय ना?

शेवटी मी सांगलीला गेले. तिथं जयवंत मगदूम नावाचा माझा जुना स्नेही होता. त्याचा छापखाना होता, असले गौरवग्रंथ त्यानं पन्नास छापले असतील, आणि फटकळ बोलण्यासाठी तो प्रसिद्ध होता. मी त्याला मास्तरांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की काम संपत नाहीये आणि मला त्यातून सुटायचंय. त्यानं पहिला प्रश्न विचारला, करार कुठाय? मी गप्प. दुसरा विचारला, ठरलेत किती? मी त्यालाही गप्प. मग त्यानं छापायचं यंत्र बंद करायला लावलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“म्हणजे तू कामाला नाहीस आणि नोकरीलाही नाहीस. तू लेक आहेस. नोकराला सुट्टी असते, वृंदा. लेकीला नसते.”

त्यानं मला कागद घ्यायला लावला आणि अटी सांगत गेला. एकूण मोबदला एवढा, आकड्यात आणि अक्षरात. अर्धा आधी, पाव कच्चा मजकूर दिल्यावर, पाव छापायला जाण्याआधी. दुरुस्त्या दोन वेळा. तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे. दोघांपैकी कुणालाही थांबायचं असेल तर थांबता येईल, तोवरच्या कामाचे पैसे चुकते करून. आणि लेखकाच्या सहीशिवाय लेखकाच्या नावानं एक ओळही छापायची नाही.

मी म्हटलं, आणि त्यांनी जे दिलंय त्याचं काय? तो म्हणाला, किंमत लाव आणि मोबदल्यातून वळती कर. जे मोजलं नाही तेच मानगुटीवर बसतं.

घरी येऊन मी सगळं एका पानावर टाइप केलं. साडीची किंमत लिहिताना हात अडखळला, पण लिहिली. संध्याकाळी जेवताना मी ते पान उल्हासपुढं ठेवलं. त्यानं वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

“तू हा कागद त्यांच्यासमोर ठेवलास, की माझा कागद बाहेर येणार.”

“मग मास्तरांचं लिहू?”

माझ्या नवऱ्याला मी तोवर भित्रा समजत होते, आणि त्यात माझी फार चूक नव्हती. बँकेत पैसे भरताना तो स्लिप तीनदा तपासायचा. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलायचा. त्या जागेनं त्याला जन्मात पहिल्यांदा ताठ मानेनं चालायला लावलं होतं. गावातली पोरं ‘सर’ म्हणत रस्त्यातून बाजूला व्हायची, आणि तो रोज सकाळी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायचा. ते सगळं माझ्या एका पानानं जाणार होतं. मी त्याला म्हणाले, तू नको म्हण, मी फाडते. तो नको म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. ताट घासायला घेऊन गेला.

सकाळी त्यानं स्कूटर काढली. “सोडतो तुला. शाळा अकराला आहे,” एवढंच म्हणाला. जानेवारीतली थंडी होती. फाटकाशी मी उतरले, तो तिथंच थांबला.

तात्यासाहेब ऑफिसच्या खोलीत पेपर वाचत होते. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. पान टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ग्रंथाच्या कामाचं रीतसर लिहून आणलंय, तुमची सही हवीय.

त्यांनी चष्मा लावला. पान वाचलं, उलटं करून मागं काही आहे का पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ‘वळती’ या शब्दाशी ते हलायचे थांबले. मी तळवे पदराला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

“आक्का,” त्यांनी हाक मारली. आक्का ओल्या हातांनी आल्या. तात्यासाहेबांनी त्यांना त्यातला तो भाग वाचून दाखवला, सावकाश, शब्द वेगळा करून. इरकली साडी एक. तांदूळ पोतं एक. घराची अनामत. या सर्वांची रक्कम मोबदल्यातून वळती करण्यात यावी.

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. “ओटीतली साडी गं ती,” त्या म्हणाल्या. आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या, टाकून बोलल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

“उल्हास भाईर हाय न्हवं?” तात्यासाहेबांनी दारातल्या निवृत्तीला खूण केली. उल्हास आत आला. चपला काढून आला. त्यानं नमस्कार केला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. तात्यासाहेबांनी खण उघडला. त्यांना शोधावं लागलं नाही. कागद वरच ठेवलेला होता. म्हणजे मी येणार हे त्यांना ठाऊक होतं. कोणी सांगितलं असेल?

दोन्ही कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

“हा वृंदाचा. ह्याच्यावर माझी सही पायजे आन् तारीख. हा तुझा. ह्याच्यावर तुझी सही हाय, तारीख तेवडी न्हाई.” त्यांनी खिशातलं पेन काढून दोन्ही कागदांच्या मध्ये ठेवलं. “ह्याच्यावर तारीख घातली, तर मग त्याच्यावरबी घालावी लागंल. बायकोला सांग, कागद उचल म्हनावं. आक्काची माफी माग म्हनावं. जेवून जावा दोघं. इषय संपला.”

माझ्याशी ते बोलतच नव्हते. मी उल्हासकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर, त्या थंडीत, घाम होता. इस्त्रीच्या शर्टातून त्याची छाती वरखाली होताना दिसत होती. आणि मला त्याची एवढी दया आली, एवढी भीती वाटली, की मास्तर, त्यांची बायको, माझं नाव, सगळं डोक्यातून पुसून गेलं. जाऊ दे, मला वाटलं. एक प्रकरण. पाचसहा पानं. कोण वाचतं असले ग्रंथ. मी हात पुढं केला. माझी बोटं माझ्या कागदाला लागलीसुद्धा.

उल्हासनं माझा हात बाजूला केला. ढकलला नाही, नुसता बाजूला केला. मग त्यानं ते पेन उचललं, स्वतःचा कागद आपल्याकडे ओढला आणि तारखेच्या मोकळ्या जागेत तारीख घातली. त्याचा हात इतका कापत होता की आकडे वाकडे झाले. घालून झाल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावलं, पेन जागेवर ठेवलं आणि माझा कागद तात्यासाहेबांपुढं सरकवला.

“आता हा,” तो म्हणाला.

तात्यासाहेब कितीतरी वेळ त्या राजीनाम्याकडे बघत होते. ते कागद त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केले होते. ज्याचा त्यानंच तारीख घातलेला एकही त्यात नसावा. त्यांनी माझ्या पानावर सही केली नाही. घडी घालून ते सुपारीच्या डब्याखाली ठेवलं आणि हातानं ‘जा’ अशी खूण केली.

आम्ही वळलो. दारापाशी पोचलो, तेव्हा मागून हाक आली.

“वृंदाबाई.”

गेल्या पाच महिन्यांत त्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं. मी मागं पाहिलं. ते खुर्चीतून अर्धवट उठले होते आणि एक हात खणावर होता.

“मी तुमास्नी बोललो व्हतो... दिवाळीनंतर. ते कुणाला सांगनार न्हाई न्हवं?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. लेकीला हे विचारावं लागत नव्हतं. जे त्यांनी लेकीला सांगितलं होतं ते आता एका परक्या बाईला ठाऊक होतं. तिचं त्यांच्या घरात काही उरलं नव्हतं आणि तिच्या नवऱ्याचं त्यांच्या खणात काही उरलं नव्हतं. पंचाहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण महिनाभर ते मी माझ्याच आरशात बघत होते.

“आपलं तसं काही ठरलेलं नाही, तात्या,” मी म्हणाले. धीटपणानं म्हणाले असं नाही. खरंच ठरलेलं नव्हतं, आणि दुसरं काही सुचलं नाही.

ग्रंथ फेब्रुवारीत निघाला. आम्ही तोवर सांगलीला आलो होतो. जयवंतनं कुठून तरी एक प्रत मिळवून मला दाखवली. लेखक म्हणून कुणाचंच नाव नव्हतं. कुरणे मास्तरांवर अडीच ओळी होत्या, की ते संस्थेचे संस्थापक सदस्य होते आणि त्यांनी जागा दिली. पैशाबद्दल एक शब्द नव्हता. सभागृहाला नाव कुणाचं दिलं, ते मी विचारायला गेले नाही. माझ्या कामाचा एक रुपया आला नाही. साडी मी आक्कांना पार्सलनं परत पाठवली होती, तीही परत आली नाही.

पण त्या सकाळचं राहिलं. फाटकाबाहेर स्कूटर चालू होईना. उल्हास किक मारायचा आणि त्याचा पाय सटकायचा. निवृत्ती फाटकाला हात लावून आमच्याकडे बघत उभा होता. शेवटी उल्हासनं हँडल धरलं आणि आम्ही स्कूटर ढकलत निघालो. मागून जीपचा आवाज आला. मी त्याची बाही घट्ट धरली. जीप आमच्या अंगावरून जावी इतकी जवळून गेली, धुरळा उडाला आणि पुढं दूध संघाच्या रस्त्याला वळली. आम्ही उसाच्या कडेला तसेच उभे राहिलो.

“आजपासून घरी,” शेवटी मीच म्हणाले.

“आजपासून कशाला?” उल्हास म्हणाला. “एकतीस तारीख घातलीय मी. केलेल्या दिवसांचा पगार का सोडायचा?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्या खोलीत, त्या माणसासमोर, कापत्या हातानं यानं महिनाअखेरीचा हिशेब केला होता.

“देतील ते?”

“नाही देणार बहुतेक,” तो म्हणाला. “पण त्यांनी द्यायचा राहिला, असं तरी होईल.”

मग त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. ते अजून थरथरत होते, मघापेक्षा जास्तच. हँडल त्याला धरवेना. “तू चालव,” तो म्हणाला. मला स्कूटर चालवता येत नव्हती, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी पदर खोचला, पुढं बसले, आणि तो मागून ढकलू लागला.